पडद्यावरच्या आकड्याची हमी

संपादकांनी या वर्षी ‘मोजमाप’ हा विषय कळवला, तेव्हा मी आधी पुण्याच्या बुधवार पेठेत गेले. तापकीर गल्लीच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची दुकानं आहेत आणि त्यांच्या माड्यांवर दुरुस्तीची टेबलं. टीव्हीचे पॉवर सप्लाय, इन्व्हर्टरचे बोर्ड, इंडक्शन शेगड्या, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर असं सगळं या टेबलांवर उघडलं जातं. दुरुस्तीची सुरुवात मोजण्यानं होते. कपॅसिटर बसलाय का, ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे का, डायोड उलट्या बाजूनंही करंट सोडतोय का, हे मोजल्याशिवाय हात पुढे चालत नाही.

मोजण्याच्या हत्यारांत गेल्या काही वर्षांत एका छोट्या यंत्राची भर पडली आहे. तळहाताएवढा बोर्ड, वर लहानसा पडदा, एक बटण आणि सुट्या भागाचे पाय खोचायला खटक्याचं सॉकेट. दोन किंवा तीन पायांचा कुठलाही भाग त्यात हवा तसा खोचायचा आणि बटण दाबायचं. काही सेकंदांत पडद्यावर त्या भागाचं चित्र, कुठला पाय कुठला याची खूण आणि मोजमाप येतं. बाजारात त्याला कोणी ‘कंपोनंट टेस्टर’ म्हणतं, कोणी ‘ट्रान्झिस्टर टेस्टर’. हजार रुपयांच्या आसपास तो मिळतो. कपॅसिटर, कॉइल आणि रोध मोजणारा नावाजलेल्या कंपनीचा एलसीआर मीटर घ्यायचा तर त्याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात.

मी ज्या टेबलापाशी बसले होते, तिथे असे दोन टेस्टर होते. वेगवेगळ्या वेळी घेतलेले, वेगवेगळ्या रंगाचे. कारागिरांनी टीव्हीच्या सप्लायमधून काढलेला हजार मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर दोन्हींत आळीपाळीनं लावून दाखवला. धारकता जवळपास सारखीच आली. ईएसआर मात्र एकानं ०.०६ ओहम दाखवला, दुसऱ्यानं ०.३८. ईएसआर म्हणजे कपॅसिटरच्या आतला रोध. कपॅसिटर जुना झाला की आतलं द्रावण सुकतं. पुष्कळदा धारकता फारशी उतरत नाही, पण हा रोध वाढतो आणि सप्लाय धड चालत नाही. म्हणजे पहिला आकडा खरा मानला तर कपॅसिटर पुन्हा बोर्डावर जातो, दुसरा मानला तर कचऱ्यात.

“ताई, दोन्ही यंत्रं सारख्याच ठामपणे सांगतात,” ते म्हणाले. “कुणाचं ऐकायचं ते माझं मला ठरवावं लागतं.”

दोन्ही यंत्रांतल्या प्रोग्रामचं, म्हणजे फर्मवेअरचं, मूळ एकच आहे आणि ते जगजाहीर आहे. कोणीही तो कोड वाचू शकतो, सुधारू शकतो. अनेक जाणकारांनी वाचलेल्या कोडवर चालणारं यंत्र मग असं दोन तोंडांनी का बोलतं, हे शोधायला मी निघाले.

जर्मन छंदिष्टांची देणगी

या टेस्टरचा जन्म जर्मनीतला. मार्कुस फ्रेयेक यांनी एका साध्या एटमेगा चिपवर तो पहिल्यांदा बांधला आणि त्याची आकृती व कोड सर्वांसाठी खुला केला. पुढे कार्ल-हाइन्त्स क्युबेलर यांनी मोजण्याच्या रीती खूपच अचूक केल्या आणि सविस्तर माहितीपुस्तिका लिहिली. मार्कुस रेश्के यांनी आपली वेगळी आवृत्ती वाढवली. यातून मोठा धंदा उभा राहावा म्हणून कोणी हे केलं नव्हतं. घरच्या टेबलावर काम करणाऱ्याला चांगलं मोजता यावं, एवढाच हेतू होता.

त्यातली युक्ती फार देखणी आहे. यंत्राला तीन टोकं आहेत. प्रत्येक टोक चिपला थेट जोडलेलं आहे, शिवाय दोन रोधांमधूनही जोडलेलं आहे: एक ६८० ओहमचा, दुसरा ४७० किलोओहमचा. चिप कुठल्याही टोकाला पाच व्होल्टकडे खेचू शकते, शून्याकडे खेचू शकते किंवा मोकळं सोडून तिथलं व्होल्टेज वाचू शकते. एक टोक वर, एक खाली आणि तिसऱ्यावर हलकासा करंट अशा सहा जोड्या ती करून पाहते. कुठल्या जोडीत करंट वाहतो आणि किती, यावरून समोर डायोड आहे, ट्रान्झिस्टर आहे की मॉसफेट, हे ती ओळखते.

कपॅसिटर मोजायची रीत वेगळी. ठरलेल्या रोधातून तो भरत न्यायचा आणि त्याचं व्होल्टेज चिपच्या आतल्या १.१ व्होल्टच्या संदर्भापर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते मोजायचं. कपॅसिटर मोठा असेल तर १० मिलिसेकंदांचे झटके देत तो सुमारे ३०० मिलिव्होल्टपर्यंत भरायचा आणि झटके मोजायचे. मग थोडं थांबून त्यातलं व्होल्टेज किती गळालं तेही पाहायचं. इतक्या कमी साधनांत इतकं काम करणारं यंत्र विरळाच.

पण या हिशेबात काही गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. ६८० ओहमचा रोध खरोखर ६८० ओहमचा आहे. वेळ मोजायला वापरलेला क्रिस्टल ८ मेगाहर्ट्झवरच स्पंदतो आहे. चिमट्यांच्या वायरींचा रोध धरलेला नाही किंवा आधीच वजा केलेला आहे. आणि आतला संदर्भ १.१ व्होल्टच आहे. हे शेवटचं गृहीतक सर्वांत नाजूक. चिप बनवणारी कंपनीच सांगते की हा संदर्भ १.० ते १.२ व्होल्टच्या दरम्यान कुठेही असू शकतो. तो १.० निघाला आणि कोडनं १.१ धरला, तर कपॅसिटरच्या आकड्यात दहा टक्क्यांच्या घरातली चूक होते. क्युबेलर यांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी ६८० ओहम आणि ४७० किलोओहमचे रोध ०.१ टक्का अचूकतेचे वापरा असं सांगितलं, बाहेरून २.५ व्होल्टचा पक्का संदर्भ जोडायची सोय ठेवली आणि यंत्रानं स्वतःची तपासणी करावी अशी व्यवस्था कोडमध्येच केली.

कोड एक, बोर्ड अनेक

हा टेस्टर चीनमधल्या कारखान्यांत पोचला आणि त्याचे असंख्य भाऊबंद निघाले. कुणाचा पडदा वेगळा, कुणाची चिप वेगळी, कुणी बटणाऐवजी फिरवायची कळ लावली, कुणी २.५ व्होल्टचा संदर्भ गाळून टाकला, कुणी ०.१ टक्क्याच्या जागी हाती आले ते रोध बसवले. बाजारात त्यांना टी४, जीएम३२८, टीसी१ अशी नावं पडली. एकाच नावाखाली वेगवेगळे बोर्ड येतात. काही नव्या तुकड्यांत तर एटमेगाच नसतो, भलत्याच कंपनीची चिप असते आणि तिच्यावर मूळ कोड चालतच नाही.

चिपमध्ये भरण्याआधी हा कोड बोर्डानुसार बेतावा लागतो. चिप कुठली, पडदा कुठला, बाहेरचा संदर्भ आहे की नाही, बॅटरीचं व्होल्टेज कुठल्या रोधांतून वाचायचं, हे सगळं कोड तयार करतानाच नोंदवायचं असतं. एखादी नोंद चुकली, तरी यंत्र चालू होतं. पडदा उजळतो, ट्रान्झिस्टर ओळखला जातो, गिऱ्हाईक खूश होतं. बिघाड आकड्यात शिरलेला असतो. बॅटरी भरलेली असूनही ती संपत आल्याचं दिसतं, नाहीतर संदर्भ व्होल्टेजचा हिशेबच थोडा सरकतो आणि सगळी मापं त्याच्याबरोबर सरकतात.

यातली सर्वांत खटकणारी गोष्ट कुलपाची. एटमेगा चिपमध्ये ‘लॉक बिट’ नावाची सोय असते. ते लावले की आतला प्रोग्राम बाहेरून वाचता येत नाही, फक्त सबंध पुसता येतो. स्वस्त टेस्टरमधल्या अनेक चिपा अशा कुलूप लावूनच येतात. म्हणजे कोड जगासाठी खुला, पण तुमच्या हातातल्या यंत्रात तो कोणी, कधी, कुठल्या नोंदींसह भरला, हे तुम्हाला कळायची वाट बंद. जुनी आवृत्ती असली तर तिच्यातले दोष मूळ लेखकांनी केव्हाच दुरुस्त केलेले असतात, पण ती दुरुस्ती या चिपपर्यंत येत नाही. ‘उघड्या’ फर्मवेअरवर अविश्वासाचा शिक्का बसतो तो बहुतेक वेळा इथे. दोष कोड लिहिणाऱ्याच्या टेबलावर सापडत नाही. तो त्याच्यापासून गिऱ्हाइकापर्यंतच्या साखळीत कुठेतरी शिरलेला असतो.

काही मर्यादा मात्र कुठल्याच आवृत्तीनं सुटणाऱ्या नाहीत. हे यंत्र पाच व्होल्टवर आणि काही मिलिअँपिअरवर तपासतं. चारशे व्होल्टवर गळणारा कपॅसिटर इथे धडधाकट दिसतो. बारा व्होल्टचा झेनर डायोड वेगळी सोय नसेल तर साधा डायोड म्हणून येतो. जास्त गेट करंट मागणारा ट्रायक ओळखूच येत नाही. कारागिरांना हे अनुभवानं माहीत असतं. नवख्या मुलाला ते कोणीतरी सांगावं लागतं.

तीन टोकं एकत्र

त्या दोन टेस्टरचा वाद मिटवायचा म्हणून आम्ही त्यांची स्वतपासणी करायचं ठरवलं. तांब्याच्या तारेच्या तुकड्यानं तिन्ही टोकं एकत्र जोडली आणि बटण दाबलं. पडद्यावर एकामागून एक चाचण्या सरकू लागल्या. आधी संदर्भ व्होल्टेज, मग ६८० ओहमचे तिन्ही रोध एकमेकांशी जुळतात का, मग ४७० किलोओहमचे. थोड्या वेळानं टोकं मोकळी करा असा संदेश आला. तार काढली. मग पहिल्या आणि तिसऱ्या टोकात १०० नॅनोफॅरडहून मोठा कपॅसिटर मागितला गेला. इथे फिल्म कपॅसिटरच लावायचा असतो, इलेक्ट्रोलिटिक चालत नाही. कारागिरांनी खणातून एक जुना, पण चांगल्या कंपनीचा फिल्म कपॅसिटर काढून लावला. एवढं झाल्यावर यंत्रानं वायरींचा रोध, मोकळ्या टोकांची धारकता आणि व्होल्टेजची संदर्भाशी तुलना करणाऱ्या आतल्या भागाची चूक आपल्या स्मृतीत नोंदवून घेतली.

मग तोच हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुन्हा मोजला. पहिला टेस्टर ०.०६ वर राहिला. दुसरा ०.०८ वर आला. दुसऱ्याला लांब वायरींचे चिमटे जोडलेले होते आणि ते लावल्यापासून ही तपासणी कधी झालीच नव्हती. वायरींचा रोध कपॅसिटरच्या माथी मारला जात होता. “म्हणजे चांगले कपॅसिटर फेकले असणार मी,” असं म्हणत कारागिरांनी चिमट्यांवर चिकटपट्टी लावून त्या दिवसाची तारीख लिहिली.

वाणी माल तोलण्याआधी रिकामी पारडी समान आहेत ना ते पाहतो, तेच हे काम आहे. फरक असा की वाण्याचं वजन-माप ‘वैध मापन अधिनियम, २००९’ खाली सरकारी यंत्रणा तपासते आणि त्यावर मुद्रा उमटवते. दुरुस्तीच्या टेबलावरच्या टेस्टरकडे असं पाहणारं कोणी नाही. तपासायचं ते वापरणाऱ्यानंच.

हीच तपासणी एक वेगळा रोगही उघड करते. भरलेला कपॅसिटर डिस्चार्ज न करता सॉकेटमध्ये लावला, तर टोकाला थेट जोडलेली चिपची पिन दुखावते. कधी चिप पूर्ण मरते. कधी ती अर्धमेली होऊन आकडे देत राहते, आणि तो प्रकार जास्त वाईट. अशा यंत्राच्या स्वतपासणीत एका टोकाचे आकडे बाकीच्या दोघांशी जुळत नाहीत. तिथे ते यंत्र बाजूला ठेवावं. चिप बदलण्याजोगी असेल तर बदलावी.

गच्चीवरचा अँटेना

हीच गोष्ट वेगळ्या यंत्रात पाहायला मी सिंहगड रस्त्यावरच्या एका गच्चीवर गेले. तिथे एक निवृत्त अभियंते हौशी रेडिओसाठी, म्हणजे हॅम रेडिओसाठी, १४५ मेगाहर्ट्झचा अँटेना बसवत होते. त्यांच्या हातात नॅनोव्हीएनए होता. अँटेनाकडे गेलेली ऊर्जा किती परत फिरते, हे तो आलेखानं दाखवतो. प्रयोगशाळेतल्या अशा यंत्राची किंमत लाखांत असते. हे काही हजारांत मिळतं.

याचा मूळ आराखडा आणि कोड जपानमधल्या ताकाहाशी तोमोहिरो यांचा. ‘एडी५५५’ या नावानं त्यांनी तो खुला केला. २०१९ च्या सुमारास चीनमध्ये ‘ह्युगेन’ या नावानं काम करणाऱ्या अभियंत्यानं त्यात सुधारणा करून तो मोठ्या प्रमाणावर बाजारात आणला. मग त्याच्याही नकला निघाल्या. काहींनी आतल्या मंडलांवरचं धातूचं आवरणच काढून टाकलं, त्यामुळे एका बाजूचा सिग्नल दुसऱ्या बाजूला झिरपू लागला. कोड मात्र तोच.

या यंत्राच्या पोटात एसआय५३५१ नावाची चिप आहे. तिच्या निर्मात्याची हमी २०० मेगाहर्ट्झपर्यंतची. फर्मवेअर तिला ३०० पर्यंत ताणतं आणि त्याच्या वर तिच्या तिसऱ्या-पाचव्या पटीतल्या लहरींवर काम भागवतं. ही मोठी हुशारी आहे, पण तिची किंमत आहे. ३०० च्या वर मोजण्याचा पल्ला घटतो आणि आलेखात तिथे पायरी दिसू शकते. काही चिपा तर ३०० च्या जवळ धड स्थिरही होत नाहीत. म्हणून ही सीमा बदलायची सोय फर्मवेअरमध्ये ठेवलेली आहे.

१४५ मेगाहर्ट्झला हा प्रश्न येत नाही. पण आपल्याकडची अभियांत्रिकीची मुलं शेतातल्या ओलाव्याचे सेन्सर ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालवतात आणि त्यांचे अँटेना याच यंत्रावर जुळवतात. त्यांचं मोजमाप थेट त्या कमकुवत भागात पडतं. आलेख तितकाच गुळगुळीत दिसतो, त्यामुळे संशय येत नाही.

गच्चीवरच्या काकांचा शिरस्ता मला आवडला. त्यांनी यंत्र चालू केलं ते अँटेनाला जोडण्यासाठी नव्हे. आधी केबलच्या टोकाला उघडं टोपण, मग शॉर्ट टोपण, मग ५० ओहमचा भार लावून यंत्र जुळवलं. “यंत्राच्या तोंडाशी जुळवलं तर केबलही मोजली जाते,” ते म्हणाले. “मला केबल नाही, अँटेना मोजायचाय.” मग पट्टा बदलला की पुन्हा जुळवणी. फर्मवेअर नवं घातलं की जुन्या नोंदी पुसून सगळी जुळवणी पहिल्यापासून.

फर्मवेअर बदलताना

मराठवाड्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मुलांनी टेस्टरमधलं जुनं फर्मवेअर काढून नवं भरायला घेतलं होतं. साधन म्हणजे यूएसबीएएसपी नावाचा छोटा प्रोग्रॅमर, तोही खुल्या आराखड्याचा आणि जर्मनीतलाच. पहिल्या यंत्रात नवं फर्मवेअर गेलं आणि पडदा कोरा राहिला. पडद्याची चिप वेगळी होती, कोड दुसऱ्या पडद्यासाठी बेतलेला होता. चिप कुलूपबंद असल्यानं जुन्या प्रोग्रामची प्रत घेता आली नव्हती, आणि पुसल्यावर तो गेला तो गेलाच. मुलांनी बोर्डावरच्या जोडण्या भिंगाखाली शोधल्या, नोंदी बदलल्या, पुन्हा भरलं. बऱ्याच खटपटीनंतर पडदा उजळला.

त्यांच्या सरांनी त्या दिवशी एक नियम घातला. प्रत्येक यंत्राच्या पाठीवर चिठ्ठी: फर्मवेअरची आवृत्ती, भरल्याची तारीख, शेवटच्या स्वतपासणीची तारीख. आणि शेजारी एक डबी. तिच्यात एक टक्का अचूकतेचे काही रोध, दोन-तीन फिल्म कपॅसिटर आणि ओळखीचे ट्रान्झिस्टर, सगळे एकदा चांगल्या मीटरवर मोजून नोंदवलेले. मोजण्याआधी डबीतला एक भाग लावायचा. नोंदलेला आकडा आला तरच पुढचं काम.

उघड्या कोडचं खरं बळ मला या प्रयोगशाळेत दिसलं. कंपनीनं बंद ठेवलेल्या फर्मवेअरच्या यंत्रात पडदा कोरा झाला असता, तर मुलांना ते यंत्र भंगारात टाकावं लागलं असतं. इथे ते दुरुस्त झालं आणि मोजमापाचं अंतरंगही मुलांना कळलं. बंद कोड अचूक असतो असंही नाही. तो चुकतो तेव्हा चूक बाहेरच्याला दिसत नाही, एवढंच.

जबाबदारी कुणाची

खुलं फर्मवेअर आणि भरवसा एकत्र नांदू शकतात, याचे दाखले आहेत. डच अभियंते एरिक कासहूक यांनी २०२० मध्ये आणलेल्या टायनीएसए या स्पेक्ट्रम मापकात एका केबलनं करायची स्वतपासणी आहे. त्याच्या हलक्या नकला याच तपासणीत नापास होतात. आपल्याकडे दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्राच्या फिनिक्स प्रकल्पातून ‘एक्सपाइज’ हे भौतिकशास्त्राच्या प्रयोगांचं खुलं साधन तयार झालं. त्याच्यामागे एक सार्वजनिक संस्था आहे, पुस्तिका आहे, शिक्षकांची प्रशिक्षणं आहेत. कासहूक असोत की त्वरक केंद्र, आकड्याची जबाबदारी कोणीतरी आपल्या नावावर घेतली आहे.

स्वस्त नकलांत नेमकी हीच जागा रिकामी आहे. लेखकानं कोड दिला, कारखान्यानं बोर्ड बनवला, दुकानदारानं विकला आणि आकड्याचं पालकत्व कोणीच घेतलं नाही. नॅनोव्हीएनएचा कोड जीपीएल परवान्याखाली आहे. त्या परवान्यानुसार यंत्र विकणाऱ्यानं त्यातला कोड मागणाऱ्याला द्यायला हवा. ही अट पाळली गेली, चिप कुलूप न लावता आली आणि यंत्राच्या खोक्यावर फर्मवेअरची आवृत्ती छापली गेली, तर निम्मे प्रश्न मिटतील. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या तापकीर गल्लीपर्यंतचे घाऊक विक्रेते ही मागणी करू शकतात, कारण माल तेच मागवतात.

ज्या कामात आकड्यावर माणसाचा जीव किंवा कराराचा पैसा अवलंबून आहे, तिथे ही यंत्रं वापरू नयेत. तिथे राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या मानकांशी साखळीनं जोडलेला मीटर आणि एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दाखलाच हवा. पण दुरुस्तीचं टेबल, महाविद्यालयाची प्रयोगशाळा आणि हौशी माणसाची गच्ची यांच्यासाठी ही यंत्रं उत्तम आहेत, फक्त आकडा मानण्याआधी तो तपासणारा माणूस हवा. म्हणून आयटीआय आणि पदविका अभ्यासक्रमांच्या शिक्षकांना विनंती आहे: विद्यार्थ्याच्या हाती टेस्टर देण्याआधी त्याच्याकडून तिन्ही टोकं जोडून स्वतपासणी करवून घ्या, आणि प्रयोगवहीत मापाशेजारी फर्मवेअरची आवृत्ती लिहायची सवय लावा. ज्यांच्या घरी किंवा दुकानात असं यंत्र आहे, त्यांनी आजच ती तपासणी करून यंत्रावर तारीख लिहावी. खर्च तारेच्या एका तुकड्याचा आणि एका फिल्म कपॅसिटरचा आहे.